हातातून सुटताच नाक वर आणि मग डावीकडे आडवं: तोल नक्की कुठे बिघडला?

रेडिओवर उडवायच्या छोट्या विमानाबद्दलचा एक प्रश्न असा आहे: "काका, मी गुहागर तालुक्यात राहतो. फोम बोर्डचं हाय-विंग ट्रेनर (धडाच्या वर पंख असलेलं शिकाऊ विमान) घरीच बनवलं. पंख टोकापासून टोकापर्यंत 1200 मिमी, रुंदी सगळीकडे सारखी 200 मिमी. 2212 मोटर, 1000 केव्ही (म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला हजार फेरे), 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र), थ्री-सेल 2200 एमएएचची बॅटरी, नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी). बॅटरीसकट वजन 900 ग्रॅम. सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) तीनदा फेकलं. तिन्ही वेळा हातातून सुटल्याबरोबर नाक वर करतं, क्षणभर हवेत उभं राहतं आणि डावा पंख टाकून खाली येतं. एलिव्हेटरला (शेपटीच्या आडव्या झडपेला) डाउन ट्रिम, म्हणजे नाक कायम थोडं खाली ठेवणारी सेटिंग, देऊन पाहिला, उपयोग नाही. बोटांवर तोलून बघितलं तर सीजी (गुरुत्वमध्य) पंखाच्या पुढच्या कडेपासून 80 मिमीवर येतो. मोठी मोटर घेऊ का?"

मोटर घेऊ नकोस. 900 ग्रॅमच्या ट्रेनरला 2212 मोटर आणि दहा इंची प्रॉप (पुढचा पंखा) पुरेसे आहेत. तुझं उत्तर तुझ्याच प्रश्नात आहे: 80 मिमी. 200 मिमी रुंदीच्या पंखावर 80 मिमी म्हणजे 40 टक्के. अशा साध्या शेपटीच्या ट्रेनरचा सीजी पंखाच्या रुंदीच्या 25 ते 33 टक्क्यांत असावा लागतो, म्हणजे तुझ्या विमानाला पुढच्या कडेपासून 50 ते 66 मिमीमध्ये. पहिल्या उड्डाणासाठी मी 56 धरीन. तुझं विमान 24 मिमीने शेपटीजड आहे. एवढ्या शेपटीजड विमानाला वीस वर्षं उडवणारा माणूसही जेमतेम सांभाळेल.

ट्रिमने ते का सुटत नाही, हे नीट समजून घे, कारण इथेच बहुतेकांचे महिने जातात. सीजी पुढे असतो तेव्हा वाऱ्याच्या झुळकेने नाक थोडं वर गेलं तरी मागची शेपटी ते परत खाली आणते. विमान स्वतःच स्वतःला सावरतं. सीजी मागे मागे नेत गेलास की एक जागा अशी येते जिथे हे सावरणं संपतं. तिला न्यूट्रल पॉइंट म्हणतात. सीजी त्याच्याही मागे गेला की उलटं सुरू होतं: नाक जरा वर गेलं की अजून वर जातं, जरा खाली गेलं की अजून खाली. डाउन ट्रिम दिलास की तू फक्त सुरुवात कुठून होते ते बदलतोस. विमानाची पळण्याची खोड तशीच राहते. आपल्याकडे होडी किनाऱ्यावरून लोटण्याआधी तांडेल बघतो जाळं कुठे पडलंय, माणसं कुठे बसलीत. सगळा भार मागे असेल तर सुकाणू कितीही घट्ट धरलं तरी नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटेवर उचलतेच. तो आधी भार हलवतो. तूही भारच हलव.

आता हिशेब. थ्री-सेल 2200 ची बॅटरी साधारण 180 ग्रॅम भरते, म्हणजे तुझ्या विमानाचा पाचवा हिस्सा. बॅटरी 10 मिमी पुढे सरकवलीस की सीजी 2 मिमी पुढे येतो. तुला 24 मिमी हवेत, म्हणजे बॅटरी 120 मिमी पुढे. तुझ्या वर्णनावरून बॅटरी पंखाच्या मागच्या कडेखाली बसली असणार. धडाचा खोका तिथे रुंद असतो आणि ती सहज मावते, म्हणून सगळे आधी तिथेच ठेवतात. तिला पुढे, मोटरच्या पाटीच्या मागे ने. पुढे तेवढी जागा नसेल तर शेपटीचे दोन सर्व्हो कुठे लावलेत ते बघ. ते थेट एलिव्हेटर आणि रडर (शेपटीची उभी झडप) यांच्याजवळ चिकटवले असशील तर काढून पंखाखाली आण आणि लांब सळ्यांनी जोड. दोघांचं वजन 18 ग्रॅम, 40 सेंटिमीटर पुढे आले की सीजी 8 मिमी पुढे येईल. उरलेल्या 16 मिमीसाठी बॅटरी 80 मिमी सरकवावी लागेल. बहुतेक खोक्यांत तेवढं बसतं.

एक ग्रॅमही वजन न वाढवता हे सगळं होतं, म्हणून आधी हे कर. शिसं शेवटी. शेवटचे पाच-दहा ग्रॅम कमी पडले तर पाग (हाताने फेकायचं मासेमारीचं जाळं) विणणाऱ्याकडे जा. पागाच्या कडेला लावतात त्या शिशाच्या गुळ्या यासाठी उत्तम. लहान असतात, वजन मोजून घेता येतं, आणि मोटरच्या पाटीमागे गरम गोंदाने पक्क्या बसतात.

आता मागे येतो, कारण खरी गोष्ट तोलण्याच्या आधी घडते. सीजी बनवतानाच ठरतो. शेपटी तुझ्या सीजीच्या मागे साधारण 60 सेंटिमीटरवर असते आणि मोटरची पाटी पुढे 25 वर. शेपटीला 10 ग्रॅम जादा गोंद लागला, तर तो तोलायला पुढे 24 ग्रॅम लागतात. दहाचे झाले चौतीस. माझ्या पहिल्या दोन विमानांच्या शेपट्या मी भक्कम करण्याच्या हौसेने गरम गोंदाने भरल्या, त्यावर रंगीत टेप, त्यावर नाव लिहिलेला स्टिकर. पुढे साठ ग्रॅमच्या वर शिसं घालूनही ती नीट उडाली नाहीत, आणि उतरताना दगडासारखी उतरायची. त्यानंतर माझा नियम ठरला: शेपटीला गोंदाची एकच पातळ रेघ, बोटाने पुसून काढलेली, टेप फक्त बिजागरीला, रंग नाही. शेपटी लावायच्या आधी तिला किचनच्या काट्यावर ठेवतो. तू पुढचं विमान करशील तेव्हा हे कर. या विमानाच्या शेपटीवरही जादा टेप असेल तर आजच सोलून काढ.

डाव्या पंखाकडे येतो. तिन्ही वेळा डावीकडेच का पडलं? याची दोन कारणं संभवतात आणि तुझ्याकडे बहुधा दोन्ही आहेत.

पहिलं मोटरचं. प्रॉप मागून पाहिल्यावर उजवीकडे फिरतो, त्यामुळे विमान डावीकडे कलू पाहतं. त्यात नाक वर आणि वेग कमी असताना पूर्ण थ्रॉटल (मोटरचा जोर) असेल तर तो ओढा सगळ्यांत जोरात जाणवतो. पंखावरून पुरेशी हवा जात नाही, म्हणून एलेरॉनही (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) ऐकत नाहीत. यावरचा उपाय म्हणजे मोटर थोडी उजवीकडे आणि थोडी खाली झुकवून बसवायची, दोन्ही झुकाव दोन ते तीन अंशांचे. मोटरच्या पाटीच्या स्क्रूंमधलं अंतर 25 मिमी असेल तर एका बाजूखाली 1 मिमी जाडीचा वॉशर घातला की साधारण सव्वादोन अंश मिळतात. कॉकपिटमध्ये बसून पुढे बघतोयस असं समज. डावीकडच्या स्क्रूंखाली वॉशर घातलेस की मोटर उजवीकडे बघते. वरच्या स्क्रूंखाली घातलेस की खाली बघते. सरळ बसवलेली मोटर दिसायला नीटस असते, पण थ्रॉटल दिला की विमान नाक वर करून डावीकडे वळतं, आणि तुझं नेमकं तेच होतंय.

दुसरं कारण पंखाचा आडवा तोल. हा फार थोडे लोक तपासतात. मोटरच्या शाफ्टला एक दोरा बांध, शेपटीच्या अगदी मध्यावर दुसरा, आणि विमान दाराच्या चौकटीला टांग. कुठला पंख खाली जातो बघ. परत समतल करून सोड, पुन्हा बघ. तीनदा तोच पंख गेला तर तो जड. एका बाजूला गोंद जास्त, टेपचा एक थर जास्त, एलेरॉनच्या सर्व्होची तार एकीकडून आलेली, असं काहीतरी असतं. हलक्या पंखाच्या टोकावर आधी खिळा चिकटपट्टीने लावून बघ आणि सरळ राहिला की तेवढंच वजन टोकात रुतवून टाक. बहुतेक वेळा दोन-तीन ग्रॅम लागतात.

सीजी मोजायची पद्धतही सांगतो, कारण बोटांवर 80 आला तो नक्की 80 च होता का हे मला माहीत नाही. पंखाखाली पुढच्या कडेपासून 56 मिमीवर, धडाच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, पेनाने दोन रेघा मार. दोन जाड पुस्तकांच्या मध्ये खोडरबर लावलेल्या दोन पेन्सिली उभ्या कर आणि रबराच्या टोकांवर त्या रेघा टेकव. हाय-विंग विमान सरळच ठेवायचं; लो-विंग असतं तर उलटं ठेवलं असतं. म्हणजे वजन टेकूच्या खाली राहतं आणि विमान कोसळत नाही. बॅटरी, प्रॉप, पंखाचे रबर, सगळं उडताना असतं तसंच लावलेलं पाहिजे. पडवीत करू नकोस, वारा लागतो. माजघरात, पंखा बंद करून. नाक अगदी किंचित खाली झुकलं की झालं.

तुझा पंख सगळीकडे सारखा रुंद आहे म्हणून काम सोपं आहे. पुढे कधी निमुळता पंख केलास तर मुळाशी मोजून चालत नाही, सरासरी रुंदी काढावी लागते. ते तेव्हा बघू.

आता जुळणी. सीजी बरोबर असूनही पंख किंवा शेपटी वाकडी बसलेली असेल तर विमान सरळ जाणार नाही. शेपटीच्या मागच्या मध्यबिंदूपासून प्रत्येक पंखाच्या टोकापर्यंत दोरा लाव. दोन्ही अंतरं 2-3 मिमीच्या आत सारखी हवीत. मग दहा पावलं मागे जाऊन एका डोळ्याने बघ: आडवी शेपटी पंखाला समांतर दिसायला हवी. बाजूने बघितलं तर पंखाची पुढची कड मागच्यापेक्षा थोडी उचललेली, शेपटी मात्र धडाशी सरळ. आणि पंख पिळलेला नाही ना, हे हमखास बघ. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत तासभर राहिलेला फोमचा पंख पिळतो. दापोलीच्या बाजारात भाजी घ्यायला थांबलो तेवढ्यात माझा एक पंख गेला. वरून तसाच दिसत होता. टोकाकडून बघितल्यावर कळलं. पावसाळ्यात बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) पंखाचंही हेच होतं. दमट हवा एका बाजूने आत शिरते आणि फळी वाकते. पावसाळ्यात माझी विमानं जमिनीवर नसतात, माळ्यावर दोऱ्यांना टांगलेली असतात.

पंख रबरांनी बांधत असशील तर रबर प्रत्येक हंगामात नवे घे. खाऱ्या हवेत आणि उन्हात ते दिसायला धड राहतात, ताणलेस की चिरा दिसतात. दोन्ही बाजूंना सारखे लाव आणि शेवटचे दोन फुलीसारखे आडवे टाक, म्हणजे खालचे सुटत नाहीत.

बॅटरीचंही तसंच. नुसत्या चिकट वेल्क्रोवर भरवसा ठेवू नकोस. कर्द्याच्या किनाऱ्यावर एका डिसेंबरच्या सकाळी माझं एक विमान चढत असताना एकदम नाक वर करून उभं राहिलं आणि शेपटीवर पाण्यात गेलं. ओहोटी होती म्हणून मिळालं. उघडून बघितलं तर दमट हवेने वेल्क्रोचा गोंद सुटला होता आणि बॅटरी तिरकी होऊन सर्व्होंवर जाऊन पडली होती. जमिनीवर माझा सीजी अगदी बरोबर होता, हवेत बॅटरी मागे सरकली आणि तोही मागे गेला. तेव्हापासून बॅटरीला खालून वेल्क्रो आणि वरून घट्ट पट्टा. शिवाय बॅटरीच्या मागे फोमचा ठोकळा चिकटवतो, म्हणजे मागे सरकायला जागाच नाही.

प्रॉप तोलतोस का? एक सरळ गुळगुळीत तार प्रॉपच्या भोकातून घाल आणि तारेची टोकं दोन सारख्या उंचीच्या ग्लासांच्या कडांवर ठेव. प्रॉप आडवा धरून सोड. जड पातं खाली जाईल. हलक्या पात्याच्या मागच्या बाजूला चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लाव, पुन्हा सोड. पातं कुठेही थांबवलं तरी तिथेच राहिलं की तोल साधला. जड पातं बारीक पॉलिश पेपरने मागून घासलं तरी चालतं, टोक मात्र कापायचं नाही. हे पंधरा मिनिटांचं काम आहे. न तोललेल्या प्रॉपची थरथर मोटरच्या स्क्रूंपासून सर्व्होच्या दातांपर्यंत सगळं ढिलं करते.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो: घरात सर्व्हो, ईएससी, दिशा वगैरे जुळवताना प्रॉप काढून ठेव. बॅटरी जोडल्यावर मोटर कधी सुरू होईल याचा नेम नसतो, आणि दहा इंची प्रॉप बोट सोडत नाही.

दिशा तपासताना विमानाच्या मागे उभा राहा. रेडिओची काडी स्वतःकडे ओढली की एलिव्हेटरची मागची कड वर. उजवीकडे ढकलली की उजवा एलेरॉन वर, डावा खाली. रडर उजवीकडे तर उजवीकडे. प्रत्येक उड्डाणाआधी हे बघायचं, कालच बघितलं असलं तरी. पहिल्या उड्डाणांसाठी एलिव्हेटर वर-खाली 10 मिमी, एलेरॉन 8-10 मिमी, एक्स्पो (काडी मधोमध असताना हालचाल मऊ करणारी रेडिओची सेटिंग) 30 टक्क्यांच्या आसपास. जास्त हलत असेल तर सळी सर्व्होच्या दांडीवर आतल्या भोकात आणि हॉर्नवर (झडपेला चिकटवलेल्या भोकांच्या दांडीवर) बाहेरच्या भोकात घाल. फेलसेफ असा लाव की रेडिओ तुटला तर थ्रॉटल शून्यावर येईल.

आता कुठे आणि कधी उडवायचं. तू सड्यावर उडवतोस ते योग्य आहे, पण वेळ पाळ. दिवस चढला की खारा वारा सुरू होतो आणि दुपारी जोर धरतो. नवीन विमान सकाळी नऊच्या आत तपासून घ्यावं. तेव्हा मतलई वाऱ्याचा थोडा झोत असतो, जमिनीकडून समुद्राकडे. वाऱ्याच्या तोंडाला फेकायचं म्हणजे पूर्वेकडे तोंड आणि डोळ्यांत सूर्य. किनाऱ्यावर तर त्यात आणखी भर: मोटर बंद पडली की विमान वाऱ्याबरोबर पाण्याकडे जातं. म्हणून मी नवीन विमान किनाऱ्यावर कधी काढत नाही, ढगाळ सकाळ मिळाली तर सडाच. सड्याच्या काठापासून मात्र लांब राहा. तिथे वारा कड्यावरून वर उसळतो आणि मागे भोवरे करतो. तोल बरोबर असलेलं विमानही तिथे वेड्यासारखं वागतं आणि तुला चुकीचा निष्कर्ष काढायला लावतं. ऑक्टोबरात गवत गुडघाभर असतं तेव्हा पडलेलं विमान वाचतं. उन्हाळ्यात खाली उघडा जांभा असतो, तो फोमला किसणीसारखा लागतो. पोटाला जाड टेप लावून ठेव.

किनाऱ्यावर गेलासच तर विमान वाळूत ठेवू नकोस. आपल्या वाळूत काळे लोहकण असतात आणि मोटरचे चुंबक ते ओढून घेतात. एकदा आत गेले की टूथब्रशनेही निघत नाहीत. गोणपाट अंथर. वेळास, आंजर्ले अशा ठिकाणी कासवांच्या विणीच्या दिवसांत किनारा त्यांना सोडून द्यावा. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघ. 2021 च्या ड्रोन नियमांपासून आकाश लाल, पिवळ्या, हिरव्या भागांत वाटलेलं आहे. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि पिवळ्यासाठी हवाई नियंत्रणाची परवानगी लागते.

फेकायला दुसऱ्याला सांग, तुझे दोन्ही हात रेडिओवर हवेत. थ्रॉटल पूर्ण नको, दोन तृतीयांश. फेकणाऱ्याने भाल्यासारखं सरळ, समतल फेकायचं. वर फेकण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि तिथेच वेग मरतो. सुटल्यावर पहिली दोन सेकंदं एलिव्हेटर ओढू नकोस, विमानाला वेग घेऊ दे.

तीस-चाळीस मीटरवर गेल्यावर अर्ध्या थ्रॉटलवर समतल ट्रिम कर. मग अजून थोडी उंची घेऊन थ्रॉटल कमी कर, नाक 40 अंश खाली घाल आणि काडी सोड. हळूहळू, मोठ्या वळणाने नाक सावरलं तर सीजी छान आहे. झटक्यात वर उसळलं तर नाकजड आहे: उतरव, बॅटरी 10 मिमी मागे घे, पुन्हा बघ. सावरण्याऐवजी अजून खाली घुसू लागलं तर ते अजूनही शेपटीजड आहे. काडी हळूच ओढून समतल कर, जास्त वेगात आणि लांबून उतरव, आणि बॅटरी पुढे घे. दोन-तीन उड्डाणांत जागा सापडते. सापडली की पंखाखाली पेनाने नवी रेघ मार, शेजारी त्या दिवशीच्या बॅटरीचं वजन लिही, आणि धडाच्या आत बॅटरीचं पुढचं टोक जिथे येतं तिथे खूण कर. दुसरी बॅटरी घेतलीस आणि ती वीस ग्रॅम जड निघाली तर ती खूण बदलेल. तेव्हा पुन्हा पेन्सिलींवर ठेवून बघ.

बॅटरी हलवल्यावर सीजी किती आला आणि मोटरखाली किती जाडीचे वॉशर घातलेस, तेवढे दोन आकडे मला कळव. आडव्या तोलात कुठला पंख जड निघाला तेही लिही. माझा अंदाज डाव्याचा आहे.